आधी भोपळा, मग शेकरू: कडू भोपळ्याचा नक्षीचा वाडगा

वाडग्यावर कुठला प्राणी काढायचा हे आधी ठरवून मग भोपळा शोधायला निघालात, तर बहुतेक वेळा काम फसतं. आधी भोपळा हातात घ्यायचा. फिरवून बघायचा, बोटांनी वाजवायचा, पोटाचा घेर आणि मानेचा वळसा बघायचा, सालीवरचे डाग बघायचे. मग प्राणी. लाकडाची फळी रंधा मारून हवी तशी करून घेता येते. भोपळ्याचं कवच मात्र वेलावर जसं वाढलं तसंच राहतं, आणि तुम्ही काढलेली प्रत्येक रेघ त्याच्याच गोलाईवर बसते. खाली कडू भोपळा सुकवून, कापून आणि त्यावर तापलेल्या टोकाने चित्र जाळून शोभेचा वाडगा पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा करायचा आणि कुठल्या टप्प्यावर तो का बिघडतो, ते सविस्तर लिहिलं आहे.

भाजीचा दुधी आणि हा कडू भोपळा एकाच वनस्पतीचे प्रकार. पण बाजारातल्या संकरित दुधीचं बी लावून, फळ वेलावर जून होऊ देऊन वाडगा करायला गेलात तर सुकताना तो बहुधा सुरकुततो. त्या वाणांची साल पातळ असते, दोन-तीन मिलिमीटरची. वाडग्याला निदान पाच मिलिमीटर हवी, सात-आठ असेल तर उत्तम. जाड सालीचे भोपळे आपल्याकडे वाद्यांसाठी पिकवले जातात. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं; त्यांना लागणारे भोपळे सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला होतात. पालघरकडच्या वारली वस्त्यांत तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यालाही सुका भोपळाच लागतो. वाद्याचा भोपळा अगदी निर्दोष हवा, कारण एक बारीक चीर गेली तरी नाद बिघडतो. वाडग्याचं तसं नाही. मानेला तडा असलेला, आकाराने लहान किंवा एका बाजूला चेपलेला भोपळा वाद्याला चालत नाही, वाडग्याला चालतो. वाद्याचे भोपळे पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे असा माल मागून बघा.

घरीच लावायचा असेल तर जून-जुलैमध्ये लावा. बी रात्रभर पाण्यात भिजवून एकेका खड्ड्यात दोन-तीन टोचायचं, दोन खड्ड्यांत दोन मीटर तरी अंतर ठेवायचं. मुख्य वेलीवर बहुतेक नरफुलंच येतात, मादीफुलं बगलफुटींवर. म्हणून वेल तीनेक मीटर झाली की शेंडा खुडायचा. फुलं पांढरी, संध्याकाळी उमलतात आणि निशाचर पतंगांवर अवलंबून असतात. फळं धरत नसतील तर संध्याकाळी नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलाला लावा; मादीफुलाच्या देठाशी इवलासा भोपळा आधीच दिसत असतो, त्यामुळे ओळख पटायला अडचण नाही. एका वेलीवर चार-पाचच फळं ठेवा. फळमाशीने डंख केलेल्या जागी सालीवर कायमचा खड्डा राहतो, त्यामुळे कोवळ्या फळांना कागदी किंवा कापडी पिशवी घाला. मांडवावर लोंबणाऱ्या फळाचं बूड गोल राहतं आणि त्याचा वाडगा डुलतो. जमिनीवर वाढणारं फळ लहान असतानाच हलक्या हाताने उभं करून खाली पेंढ्याची चुंबळ ठेवली, तर बूड आपोआप सपाट होतं. हे करताना देठ पिरगळला की फळ गळतं, म्हणून एकदम उभं न करता दोन-तीन दिवसांत थोडं थोडं वळवायचं.

सुकवण्याची घाई

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

फळ कधी तोडायचं? देठ हिरवा असेपर्यंत नाही. देठ तपकिरी होऊन वाळला, फळाजवळचा तणावा सुकला आणि नख रोवून साल दबत नाही असं दिसलं, म्हणजे झालं. कच्चं तोडलेलं फळ सुकत नाही, कुजतं. आणि कुजलं नाही तर आत चेपतं. देठ पाच सेंटिमीटर तरी ठेवून कापायचा. देठ मुळाशी मोडला की त्या जखमेतून सड आत शिरते. खरिपातली लागवड म्हणूनच सोयीची: फळं दिवाळीच्या आसपास जून होतात, पुढे थंडी आणि उन्हाळा असे सलग कोरडे महिने मिळतात, आणि एप्रिल-मेपर्यंत भोपळा कामाला तयार होतो. उन्हाळी पिकाचा भोपळा ऐन पावसाळ्यात सुकवायला लागतो. कोकणात तर ते करूच नका.

तोडल्यावर साबणाच्या पाण्याने पुसायचा आणि सावलीत, वारं खेळेल अशा जागी लाकडी पट्ट्यांच्या मांडणीवर ठेवायचा. एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. आठवड्यातून एकदा फिरवायचे, नाहीतर टेकलेल्या जागी ओल धरते. कडक उन्हात ठेवले तर साल आतल्या गरापेक्षा भराभर आकसते आणि चिरा पडतात. सुकताना अंगावर करडी-काळी बुरशी येणार. घाबरून फळ फेकू नका. कवच टणक आहे तोवर ती बुरशी म्हणजे आतलं पाणी सालीतून बाहेर पडत असल्याची खूण आहे. अंगठ्याने दाबल्यावर साल मऊ लागली किंवा पाणी झिरपलं, तरच ते फळ गेलं समजा. काही जण लवकर सुकावा म्हणून हिरव्या भोपळ्याची साल खरवडतात किंवा बुडाला भोक पाडतात. खरवडलेला भोपळा रंगाला एकसारखा निघतो हे खरं, पण आपल्या दमट हवेत तो सडण्याचीच शक्यता जास्त. भोकातून किडे आणि चिलटंही शिरतात. मी तरी हे करू नका असंच सांगेन.

तीन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागतो, मोठ्या भोपळ्याला त्याहूनही जास्त. हलवल्यावर बिया खुळखुळल्या की सुकला, असं म्हणतात. ते बहुतेक वेळा खरं असतं, पण कधीकधी बिया गराला चिकटूनच सुकतात आणि आवाज येत नाही. वजन हे जास्त भरवशाचं. महिन्याच्या अंतराने दोनदा तोलून बघा. वजन तेच आलं तर आत पाणी उरलेलं नाही. वाजवल्यावर जाड कवच ठणठणीत वाजतं, पातळ कवचाचा आवाज कागदी पुठ्ठ्यासारखा येतो.

धुणं, कापणं, पोखरणं

सुक्या भोपळ्याच्या बाहेर एक पातळ पापुद्रा असतो, त्यावरच बुरशी बसलेली असते. तो पूर्ण निघाल्याशिवाय रेघ नीट जळत नाही आणि रंगही डागडागांत बसतो. कोमट पाण्याच्या बादलीत भोपळा तरंगतो, म्हणून त्यावर ओलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवायचा, मधून मधून फिरवायचा. मग भांडी घासायच्या तारेच्या घासणीने गोल गोल घासायचा. खडबडीत दगड किंवा दातेरी सुरी लावू नका. तेव्हा न दिसणारे ओरखडे रंग लावल्यावर काळे होऊन वर येतात. चिवट जागी पुन्हा ओलं फडकं ठेवा, सालीवर जोर काढू नका. घासणं नेहमी ओल्यातच. कोरडी बुरशी उडून नाकात जाते, आणि ती छातीला अपायकारक असते.

पापुद्रा निघाल्यावर खालून पिवळसर, गुळगुळीत कवच दिसतं आणि त्यावर बुरशीने सोडलेले तपकिरी नकाशे असतात. पुष्कळ लोक ते घालवायला ब्लीच लावतात. माझ्या मते ते डाग म्हणजे भोपळ्याने फुकट दिलेलं रंगकाम. दाट ठिपक्यांचा पट्टा असेल तर तिथे बिबट्या बसवा, मोठा फिकट-गडद ढग असेल तर त्यात गव्याचं अंग किंवा झाडांची सावली शोधा. डाग नसलेला एकरंगी भोपळा बारीक रेघांच्या कामासाठी राखून ठेवा.

कापायची रेघ सरळ हवी, आणि गोल वस्तूवर ती नुसत्या हाताने सरळ येत नाही. भोपळा सपाट टेबलावर, डुलत असेल तर कापडाच्या चुंबळीत, उभा करा. हव्या त्या उंचीइतका पुस्तकांचा गठ्ठा रचा, त्यावर पेन्सिल आडवी धरून टोक भोपळ्याला टेकवा आणि पेन्सिल न हलवता भोपळाच हळूहळू फिरवा. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर चुंबळ सरकली आहे. वाडग्याचं तोंड पोटाच्या सर्वांत रुंद भागाच्या थोडं वर ठेवलं तर कडा किंचित आत वळते आणि वाडगा भरदार दिसतो. बरोबर रुंद भागावर कापलं तर तो नारळाच्या करवंटीसारखा दिसतो.

रेघेवर टोकदार सुरीने दोन सेंटिमीटरची खाच पाडा, त्यातून हॅक्सॉचं सुटं पातं (एका टोकाला कापडी पट्टी गुंडाळून) किंवा बारीक दातांची भोककरवत घाला आणि लहान लहान ओढींनी कापत जा. वाकडं नक्षीदार तोंड हवं असेल तर फ्रेटसॉचं पातं. वीजेवरची जिगसॉ वापरू नका, असं नाही; पण तिचा सपाट तळ गोल भोपळ्यावर टेकत नाही, हादरे बसतात आणि पातळ जागी कवच तडकतं. कापणी संपत आली की वरचा तुकडा दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर शेवटचा दीड-दोन सेंटिमीटरचा भाग न कापता स्वतःच्या वजनाने फाटतो.

कापण्याआधी एन-९५ मास्क लावा. भोपळ्याच्या आतली धूळ फार बारीक आणि कडू; घशात गेली की तासभर खोकला थांबत नाही. तीर्थाच्या पाण्यात बुडवून आणला तरी कडू तो कडूच राहिला, ही भोपळ्याची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तो कडवटपणा ज्या द्रव्यांमुळे येतो ती पोटात गेली तर विषबाधा होते. म्हणून हा वाडगा शोभेचा. किल्ल्या, सुटे दागिने, वाळलेली फुलं, फार तर कागदात गुंडाळलेल्या गोळ्या त्यात ठेवा, आमटी-भात नको.

आतला सुका गर मोठ्या चमच्याच्या धारेने खरवडा. जाडजूड, फार न वाकलेला जुना स्टीलचा चमचा घेऊन त्याची एक कड कानशीने धारदार करून घ्यावी. यापेक्षा चांगलं हत्यार विकत मिळत नाही. गर निघत नसेल तर वाडग्यात पाणी भरून वीस मिनिटं ठेवा, ओता, मग खरवडा. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर कवच फुगतं आणि सुकताना तोंड अंडाकृती होतं. भिजवलेला वाडगा सावलीत पालथा घालून दोन दिवस सुकवायचा, पंख्याखाली नाही. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. बिया चाळून ठेवा. चांगल्या जाड कवचाचं बी पुढच्या जूनला सोन्यासारखं.

प्राणी गोलाईवर बसवायचा कसा

आता खरं काम. कागदावरचं सुंदर चित्र जसंच्या तसं कार्बनने उतरवलं की वाडग्यावर ते वेडंवाकडं दिसतं. का, ते आकड्यांत बघा. पोटाशी २० सेंटिमीटर व्यास असलेल्या भोपळ्याचा घेर साधारण ६३ सेंटिमीटर. तोच भोपळा पूर्ण गोल धरला तर पोटापासून ६ सेंटिमीटर वर घेर उरतो ५० सेंटिमीटर. म्हणजे पोटाशी पाच काळविटांना प्रत्येकी १२.६ सेंटिमीटर जागा मिळते, पण शिंगांच्या उंचीवर जेमतेम १०. कागद सपाट असल्यामुळे वर सुरकुत्या पडतात आणि शिंगं एकमेकांकडे झुकतात. उपाय सोपा आहे. चित्र पातळ ट्रेसिंग पेपरवर काढा, बाह्यरेषेच्या बाहेरून वर-खाली दर दोन सेंटिमीटरवर कात्रीने चिरा द्या, मग कागद गोलाईवर बसवून चिरांच्या कडा एकमेकींवर सरकवत चिकटपट्टी लावा. उतरवायला निळा कार्बन नको, त्याची रेघ पुसत नाही आणि जळताना पसरते. कागदाच्या मागे २बी पेन्सिल फासून वरून गिरवलं तरी पुरेसं उमटतं, आणि चुकलेली रेघ खोडरबराने निघते. कापडी मापपट्टीने घेराचे भाग आधीच पाडून घ्या, नाहीतर शेवटच्या प्राण्याला जागा कमी पडते आणि तो पाडसासारखा दिसतो.

काळविटांची रांग रुंद, बसक्या वाडग्यावर फार शोभते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट आहेत, आणि भोपळाही त्याच जिल्ह्यातला. हा मेळ मला मनापासून आवडतो. नराची पाठ गडद, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. पांढरं म्हणजे इथे न जाळलेलं कवच. शिंगं नुसती नागमोडी काढू नका. ती पिळलेली असतात, म्हणून आधी आतला सरळ कणा पेन्सिलीने काढून त्याभोवती तिरक्या कड्या एकाआड एक द्या. मादीला शिंगं नसतात. सगळीच शिंगवाली काढली तर कळप खोटा वाटतो.

शेकरू आपला राज्यप्राणी, आणि वाडग्याच्या गोलाईला त्याच्याइतका साजेसा प्राणी दुसरा नाही. त्याची शेपटी अंगापेक्षा लांब आणि झुबकेदार. अंग एका बाजूला पोटाशी बसवा आणि शेपटी कडेच्या खालून फिरवत अर्ध्या घेरापर्यंत न्या. वाडगा हातात फिरवला की शेपटीमागे नजर फिरते. पाठ तांबूस-किरमिजी, पोट फिकट, शेपटीचं टोक फिकट. सुरुवात करणाऱ्याने मात्र हे पहिलं घेऊ नये, कारण शेपटीत केसच केस आहेत आणि केसांना हात तयार असावा लागतो.

नवख्यांसाठी खवले मांजर. ते घाबरलं की अंगाची गुंडाळी करतं, शेपटी बाहेरून लपेटून. अख्खा वाडगाच ते अंग समजा. खवले बुडाकडून कडेकडे रांगेने, विटांसारखे एकाआड एक, टोकं शेपटीच्या दिशेला. गोल टोकाने प्रत्येक खवल्याची कमान एकदाच काढायची आणि मुळाशी थोडी सावली द्यायची. चूक झाली तरी शेकडो खवल्यांत ती हरवते, आणि वाडगा पूर्ण होईपर्यंत हाताचा वेग आपोआप एकसारखा होतो.

बिबट्याच्या अंगावर ठिपके नसतात, फुलं असतात: चार-पाच तुटक, वेडेवाकडे डाग एका तपकिरी मध्याभोवती. मध्ये ठिपका द्यायचा नाही, तो दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारचा. डोकं आणि पायांवर मात्र भरीव ठिपके. पाठीवरून पोटाकडे येताना फुलं विरळ करत आणा, आणि ती अंगाच्या गोलाईप्रमाणे कडेला चपटी करा. एकाच मापाची फुलं सगळीकडे छापली तर चादर पांघरल्यासारखं दिसतं.

जाळणं

भोपळ्याच्या कवचाला लाकडासारख्या रेषा नसतात, त्यामुळे तापलेलं टोक कुठेही न अडखळता फिरतं. बस्तरमध्ये तुमा, म्हणजे हाच भोपळा, पाणी, पेज आणि सल्फी (ताडीसारखं झाडाचं पेय) ठेवायला वापरतात, आणि त्यावर तापवलेल्या लोखंडी पात्याने नक्षी आणि पशुपक्षी जाळले जातात. पेरूमध्ये हुआन्कायोजवळच्या कोचास ग्रांदे आणि कोचास चिको या गावांत आधी टोकदार लोखंडी कोरणीने चित्र कोरतात आणि मग गवताची राख चरबीत कालवून रेघांत चोळतात; काळी रेघ ठसठशीत उठून येते. त्याच देशात उआका प्रिएता इथे १९४६ साली सुरू झालेल्या उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे कोरीव भोपळे सापडले. घरी कोरण्यापेक्षा जाळणं सोपं, कारण कोरणी टणक कवचावरून निसटून बोटात घुसते.

उष्णता कमी-जास्त करता येणारं, बारीक तारेच्या टोकांचं पायरोग्राफी मशीन (तापलेल्या टोकाने चित्र जाळायचं यंत्र) मिळालं तर तेच घ्या. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न चालतं, पण टोक जाड आणि उष्णता एकच, म्हणून त्यावर बाह्यरेषा आणि ठिपके एवढंच चांगलं होतं. ते नवंच घ्या. टाका मारण्यासाठी वापरलेल्या टोकावर शिसं असू शकतं, त्याचा धूर वाईट.

हाताचे नियम थोडे आहेत, पण ते अंगात मुरावे लागतात. टोक कवचाला टेकण्याआधीच हात हलता हवा आणि रेघ संपताना हलता असतानाच उचलायचा. थांबून टेकलात किंवा थांबून उचललात की टोकाला काळा गोळा पडतो. दाब द्यायचा नाही. रेघ गडद हवी तर हात सावकाश चालवा, जोर लावू नका. जोराने टोक वाकतं आणि रेघ खोल जाते. पाच मिलिमीटरच्या कवचात रेघ अर्ध्या मिलिमीटरहून खोल नको. भोपळ्याच्या एकाच अंगावर एक बाजू मऊ, दुसरी कडक असते (जमिनीला टेकलेली बाजू बहुधा वेगळी जळते), म्हणून कापून उरलेल्या वरच्या तुकड्यावर आधी सराव करा. तोच भोपळा, तेच कवच. आधी फिकट जाळा. फिकट रेघ गडद करता येते, गडद रेघ ब्लेडने खरवडून पॉलिश पेपर मारला तरी तिथे चट्टा राहतोच.

डोळा सर्वांत आधी करा. तो बिघडला तर प्राणी बिघडला, आणि हे अंगावरचे केस भरण्याआधी कळलेलं बरं. बुबुळ गडद करताना उजेडाचा ठिपका न जाळता सोडायचा. तो सोडायचा राहून गेला तर ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडून काढता येतो.

केस भरताना दिशा उलटी: शेपटीकडून डोक्याकडे यायचं, पण प्रत्येक फटकारा डोक्याकडून शेपटीकडे. असं केल्याने पुढचे केस मागच्यांवर चढतात, जसे ते खऱ्या अंगावर असतात. फटकारे पाच-सहा मिलिमीटरचे, किंचित वाकडे, लांबी कमी-जास्त. सरळ आणि समान फटकारे मारले की साळिंदर होतं. गव्यासारखं मोठं काळं अंग भरायचं असेल तर चपटं टोक, कमी उष्णता आणि एकमेकांत शिरणारी बारीक वर्तुळं, दोन-तीन थरांत. गव्याच्या गुडघ्याखालचे पांढरे मोजे आणि खांद्यावरचा उंचवटा विसरला तर म्हैस दिसेल.

दर काही मिनिटांनी टोकावर काजळी जमते आणि रेघ फिकी-तुटक येते. पितळी ब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरवर हलकेच ओढून ती काढा. धूर बाहेर ओढून नेणारा पंखा खिडकीत लावा. टेबलावरचा पंखा थेट टोकावर आला तर टोक थंड होतं, मग तुम्ही उष्णता वाढवता, आणि वारा थांबताच रेघ करपते.

रंग, लाख, कड

रंग नेहमी जाळून झाल्यावर. रंग किंवा व्हार्निशवरून जाळलं तर विषारी धूर होतो. जळालेल्या रेघेची खाच बांधासारखं काम करते, स्पिरिटमधला पातळ रंगही तिथे बऱ्यापैकी अडतो. म्हणून ज्या दोन भागांचे रंग वेगळे, त्यांच्यामधली रेघ सलग हवी. हळद लावायचा मोह होतो, पण उजेडात ती काही आठवड्यांत उडते. शेकरूच्या पाठीला गेरू घ्या: मलमलच्या कापडातून गाळलेला चिमूटभर गेरू पातळ लाखेत कालवून कोरड्या ब्रशने केसांच्या दिशेने चोळायचा. गेरू म्हणजे लोहाची माती, तो उडत नाही.

लाख घरी करता येते. १०० ग्रॅम चपडी लाख ५०० मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी कापडातून गाळा. मलमलच्या बोळ्याने तीन-चार पातळ हात द्या, दोन हातांत दोन तासांचं अंतर, मध्ये ४०० नंबरचा पेपर अगदी हलका. एक गोष्ट जपा: स्पिरिटमधले रंग लाखेतल्या स्पिरिटने पुन्हा विरघळतात आणि बिबट्याचा तपकिरी रंग पांढऱ्या पोटावर ओघळतो. असे रंग वापरले असतील तर वरून पाण्यातलं व्हार्निश किंवा नुसतं मेण लावा. पावसाळी दमट दिवशी लाख लावली तर पांढुरकी पडते. कोरड्या दिवसाची वाट बघा. आतून मेण: मधमाशीचं मेण आणि खोबरेल समप्रमाणात, पातेलं गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. कोमट असताना फासा, अर्ध्या तासाने जादा पुसा.

कडेला नुसतं घासून गोल केलं तरी वाडगा पूर्ण दिसतो. विणायची असेल तर कडेपासून एक सेंटिमीटर खाली, एक-एक सेंटिमीटरवर दीड मिलिमीटरची भोकं पाडा आणि घायपाताच्या दोराने शिंदीच्या पानांची वळी टाका घालून बसवा. शिंदीचं पान ओलं असताना वळतं आणि सुकल्यावर आकसतं, म्हणून पान फक्त ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करा, बुडवू नका. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात टाके सैल पडतात. भोकं कडेला याहून जवळ घेतली तर दोर ओढताना कवच भोकापासून कडेपर्यंत तडकतं. तडकलंच तर कापताना जमवलेली भोपळ्याची भुकटी फेव्हिकॉलमध्ये घट्ट कालवून आतून भरा, रबरबँडने आवळून रात्रभर ठेवा, आणि बाहेरच्या चिरेवरून खवल्यांची किंवा फांदीची एक रेघ न्या.

तयार वाडगा खिडकीच्या उन्हात ठेवू नका, जाळलेल्या बारीक रेघाही वर्षा-दोन वर्षांत फिकटतात. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर आत कीड आहे. वाडगा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी तो खोलीच्या उष्णतेला येऊ द्या, म्हणजे दव कवचावर न बसता पिशवीवर बसतं.